फर्माईशीतली जोडीदारीण

पौषात कुडाळला आमचा मेळावा आहे. त्यासाठी मी सध्या लोकरीचे रेडिओ विणते आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा तपकिरी चौकोन, मधे साबुदाण्याच्या रंगाची एक पट्टी, म्हणजे स्टेशनं लावायचा काटा जिथे फिरायचा ती जागा, आणि कोपऱ्यात काळ्या लोकरीचे दोन टपोरे टाके, ती बटणं. मागे सेफ्टी पिन. असे साठ हवेत. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक लावायचा, असं ठरलंय. मेळावा जुन्या रेडिओ श्रोत्यांचा आहे. दुपारच्या फर्माईशीच्या कार्यक्रमाला पोस्टकार्डं पाठवून ज्यांनी आपली उमर घालवली, अशा माणसांचा.

पिना शिवायचं काम आमच्या यजमानांनी अंगावर घेतलंय. ते पस्तीस वर्षं मालवाहू बोटींवर होते. तिथे आपली बटणं आपणच लावावी लागत, त्यामुळे त्यांचा टाका माझ्यापेक्षा घट्ट. सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं पडवीत बसतो. साडेदहाला मासेवाली आली की मी उठते. मासळी साफ केल्यावर लोकरीला हात लावायचा म्हणजे एक कामच असतं. आधी लिंबू, मग बेसन, मग पुन्हा साबण, आणि तरीही मी बोटं नाकाशी नेऊन बघते. एकदा सावंतवाडीच्या एका बारशाला मी दिलेल्या टोपड्याला बांगड्याचा वास येत होता, हे त्या बाळाच्या आजीने मला भर पंगतीत सांगितलं. तेव्हापासून ही सवय.

"ह्या सगळा कित्याक गो?" यजमान परवा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. "रेडिओ आता कोण ऐकणा नाय."

"ऐकणारे येतले ना कुडाळाक," मी म्हटलं. "त्यांच्यासाठीच."

ते हसले आणि पुढची पिन उचलली.

किनाऱ्यावर राहून लोकर विणणारी बाई म्हटलं की लोकांना नवल वाटतं. त्यात चूक नाही. आमच्याकडे पौष-माघात पहाटे जरा गारवा पडतो, तेवढाच. बाकी वर्षभर हात घामेजलेले असतात आणि लोकर सुईवर चिकटते. पावसाळ्यात तर तिला बुरशी धरते. म्हणून मी लड्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि ऊन दिसलं की आधी त्या बाहेर काढते, पापड नंतर.

विणायला मी शिकले सावंतवाडीला. शाळेसाठी मी मावशीकडे राहायला होते. मावशीच्या शेजारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई भाड्याने राहायच्या. मूळच्या बेळगावच्या, एकट्या. संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या की पायरीवर बसून विणायच्या. मी बघत उभी राहायची. आठवडाभर त्यांनी मला नुसतं बघू दिलं. मग एक दिवस विचारलं, "बघून पोट भरतं का तुझं?" आणि शेजारी बसवलं. सुया नव्हत्या. त्यांनी लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून माझ्यासाठी एक जोडी कातून आणली. लाखेचा लाल रंग, टोकाला पिवळं बोंड. त्या सुया इतक्या गुळगुळीत होत्या की सुरुवातीला टाके घरंगळून जायचे. नर्सबाई एकदाही रागावल्या नाहीत. "गेला तर गेला. परत उचल," एवढंच म्हणायच्या. त्यांची बदली झाली तेव्हा मी माझा पहिला मफलर त्यांना दिला. एका टोकाला वीतभर रुंद, दुसऱ्या टोकाला दीड वीत. त्यांनी तो तिथेच गळ्यात घातला. वैशाख होता.

लग्न होऊन मी मालवणजवळच्या या गावात आले आणि महिन्याभरात यजमान बोटीवर गेले, ते दहा महिन्यांसाठी. मी त्यांना देण्यासाठी राखाडी स्वेटर विणायला घेतला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हंय थंडी खंय आसा? ही लोकर कोणाक घालतलंस?" मी सांगितलं की बोट जिथे जाते तिथे बर्फ पडतो. मुलगा कुठे जातो, तिथे हवा कशी असते, हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्या आत गेल्या, आणि येताना मला उजेडात बसायला पाट घेऊन आल्या.

पहिल्या खेपेहून परतताना यजमानांनी रेडिओ आणला. पुढे ते गेले की घरात दोन बायका आणि तो रेडिओ. दुपारी जेवणं आवरली की फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. निवेदिका आधी गाण्याचं नाव सांगायची आणि मग ते मागवणाऱ्यांची नावं, गावांसकट. पहिलं पोस्टकार्ड मी भीत भीत टाकलं. दीड महिन्याने माझं नाव आणि आमच्या गावाचं नाव रेडिओतून आलं. निवेदिकेने गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, तरी सासूबाईंनी शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं.

मग मी दर आठवड्याला कार्डं टाकू लागले. चार-सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या नावापाठोपाठ बहुतेक वेळा एकच नाव येतं. नगर जिल्ह्यातल्या एका गावची कोणी बाई. मला आवडणारी गाणी तिला आवडायची, अगदी फारशी कोणी न मागणारीसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, "तुझी जोडीदारीण इली बघ." एकदा तर माझं नाव आलं आणि तिचं आलं नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, "बरा नसात बाय तिका."

पहिलं पत्र तिचंच आलं. माझं नाव, गावाचं नाव, तालुका मालवण, एवढ्या पत्त्यावर ते पोचलं. अक्षर मोठं, ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं. "ताई, आपली नावं रोज शेजारी बसतात, आपण अजून बोललो नाही, म्हणून लिहिते आहे." तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, घर दुकानाच्या मागेच. दुकानात रेडिओ दिवसभर चालू असायचा. आणि ती विणायची. हे वाचून मी पत्र हातात घेऊन उभीच राहिले. तिच्या सुया म्हणजे सायकलच्या तारा होत्या. नवऱ्याने टोकं घासून दिलेल्या.

वीस-बावीस वर्षं आमची पत्रं चालली. मी तिला लाखेच्या सुयांची जोडी पाठवली, तिने मला तारांची. मी काजूगर पाठवले, तिने बाजरीचं पीठ पाठवलं, ते पोचेपर्यंत कडू झालं होतं, हे मी तिला कधी कळवलं नाही. माझ्या मुलीच्या वेळी दिवस राहिले तेव्हा, यजमान नव्हते तेव्हा, सासूबाई गेल्या तेव्हा, सगळं मी तिला लिहिलं. शेजारणींना सांगता येत नाही ते लांबच्या माणसाला लिहिता येतं.

तिने एकदा बाळाच्या टोपड्याचा नमुना लिहून पाठवला होता. पहिली सुई, म्हणजे विणीची पहिली ओळ, सुलट, दुसरी उलट, तिसऱ्या सुईला दोन टाके एकत्र, असा. मी तो जसाच्या तसा विणला तर पानाची नक्षी यायच्या ऐवजी मधेच एक खळगा पडला आणि पान तिथून उलट्या दिशेला वळलं. मला वाटलं त्यांच्याकडे असंच विणत असतील. ते वळलेलं पान मला इतकं आवडलं की पुढे मी त्याचीच टोपडी करत गेले. आमच्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांत आज जी मुलं मोठी बापय माणसं झालीत, त्यांतल्या कितीतरी जणांच्या पहिल्या टोपड्यावर ते पान होतं.

मग तिची पत्रं थांबली. मी वाट पाहिली, पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. तिच्या नातवासाठी मी एक पिवळा स्वेटर विणायला घेतला होता, बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. तिसऱ्या पत्रालाही उत्तर आलं नाही तेव्हा मी चौथं लिहिलं आणि ते रागाने लिहिलं. आणि त्याच दुपारी तो स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, ती लगेच दुसऱ्या कामाला घेता येत नाही. धुऊन, वजन लटकवून सरळ करावी लागते. मी ती तशीच कोंबून ठेवली.

यजमान निवृत्त होऊन घरी आले. दुपारचा कार्यक्रमही हळूहळू बदलला. पत्रांच्या जागी फोन आले, आणि फोनवर तरुण मुलं बोलू लागली. मी ऐकणं सोडलं नाही. पण नावं ऐकायची राहिली नाहीत.

गेल्या वर्षी कुडाळच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांचा फोन आला. जुन्या श्रोत्यांचा त्यांनी मोबाईलवर गट केला होता. त्यांना माझं नाव पाठ होतं. ते तिकिटं फाडायचे तेव्हाही ड्रायव्हरशेजारी रेडिओ लावायचे, असं म्हणाले. पाच-सात मिनिटं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या नावाच्या मागून एक नगरकडचं नाव यायचं. नेहमी जोडीने. त्या कुठे असतात?"

"माहीत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

कंडक्टर माणूस, कोण कुठे उतरलं हे शोधायची सवय. त्यांनी गटातल्या नगरच्या दोघांना कामाला लावलं. गणपतीच्या आधी मला एका अनोळखी नंबरवरून आवाजातला निरोप आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज. मधे मधे थांबत बोलत होती, आणि मागे कोणीतरी मुलगी तिला "बोल आजी, चालू आहे" असं सांगत होती.

"ताई, मी बोलतीय. तुमची जोडीदारीण. तुमी रागावला असाल. ती पत्रं माझ्या हातची नव्हती, ताई. मला लिहाया येत नाय. दुसरीतनं शाळा सुटली माझी. मी सांगायची अन् आमचे हे लिहायचे. दुकान बंद केल्यावर रोज घटकाभर. रेडिओची कार्डंबी त्यांनीच माझ्या नावानं टाकली. ते गेले अन् माझं लिहिणं गेलं."

मी तो निरोप दोनदा ऐकला. मग यजमानांना ऐकवला. ते उठून गेले आणि माळ्यावरून पत्रांचा डबा घेऊन आले.

आता वाचताना जे दिसलं ते इतकी वर्षं कसं दिसलं नाही, कोण जाणे. किती तरी ठिकाणी "ही म्हणते" असं लिहून ते खोडलेलं होतं आणि वर "मी म्हणते" केलेलं होतं. टोपड्याचा नमुना काढला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे एक सुई गळली होती. तिने सांगितली असणार. लिहिणाऱ्याच्या कानातून सुटली. त्या माणसाला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तरी त्याने सत्तावीस सुयांचा नमुना बसून लिहिला होता.

मी तिला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो, आणि आधी दोघींनी एकमेकींच्या गावच्या पावसाची चौकशी केली. शेवटी मी विचारलं, "दुसऱ्या कोणाकडून चार ओळी लिहवून का नाही घेतल्या?"

"लेकाला सांगितलं असतं तर लिहिलं असतं त्यानं," ती म्हणाली. "पर ते आपल्या दोघींचं होतं. अन् अक्षर बदललेलं दिसलं असतं तर तुमाला वाटलं असतं, ही कोन आता."

दुकान विकून मुलाने तिला आपल्याकडे शहरात नेलं होतं. माझी पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. त्यातलं एक शेजाऱ्यांनी तिला आणून दिलं. "कुनाला वाचाया दिलं नाय," ती म्हणाली. "उशाखाली ठेवलंय. मेळाव्याला कुडाळला येते तवा घेऊन येते, तुमीच वाचून दाखवा. अन् ह्यांनी लिहिलेली तुमच्याकडं असतील तर तीबी. मी सांगितलं ते किती, अन् त्यांनी मनाचं किती घातलं, मला बघायचंय."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, मी तर चार पत्रं लिहिली होती. चारांतलं कुठलं पत्र तिच्या उशाखाली होतं? मी पुन्हा फोन लावून तिच्या नातीकडून तारखेचा शिक्का वाचून घेतला. चौथं होतं.

त्यात काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. नवी मैत्रीण मिळाली म्हणून आम्हाला विसरलीस का. तुझी मैत्री म्हणजे गाणं लागेपर्यंतचीच होती. पुन्हा मला लिहू नकोस. नवरा जाऊन वर्षही झालं नसेल तेव्हा हे पत्र तिच्या हातात पडलं होतं, आणि ते तिने इतकी वर्षं जपलं होतं.

दोन दिवस मी एकही टाका घातला नाही. मनात येत होतं, तिला कुठे वाचता येतंय. मी हातात पत्र धरून दुसरंच काहीतरी म्हणेन. तब्येतीची चौकशी, पावसाचं, नातवाचं. तिसऱ्या दिवशी यजमानांना सांगितलं.

ते म्हणाले, "जसा आसा तसा वाच. फिरवून वाचलंस तर ता तुझा पत्र नाय."

"तिका वायट वाटात."

"वाटांदे. तिणा तुझ्यावर इस्वास ठेवलो, म्हणान दुसऱ्याक दाखवूक नाय ना?"

पण मेळाव्यापर्यंत थांबायला माझ्याच्याने होईना. लोकांमध्ये, हारतुऱ्यांमध्ये ते पत्र उघडायचं म्हणजे फारच झालं असतं. मी तिला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पत्रात काय आहे ते, एकही वाक्य न गाळता. स्वेटर उसवल्याचंही सांगितलं.

तिने नातीला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"रागावलात म्हंजी वाट बघत होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमी कवाच विसरलात. एवढंच पत्र आलं, मंग नाय." मग जरा थांबून, "पिवळा होता व्हय स्वेटर? तो नातू आता मोटारसायकल चालवतो. पिवळं नाय घालायचा."

मी रडत होते आणि हसतही होते. त्याच फोनवर मी तिला तिच्या यजमानांच्या हातचं एक पत्र वाचून दाखवलं, सर्वात पहिलं. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, "आमचे हे फार कष्टाळू आहेत आणि मला कधी वरच्या आवाजात बोलत नाहीत."

"थांबा," ती म्हणाली. "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"हे मी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "मी जवारीच्या कणसाचं सांगत होते." आणि ती हसू लागली. नातीने फोन घेऊन विचारलं, "आजी का हसतीय?" मी तिलाही तेच वाक्य वाचून दाखवलं. पुढचं पत्र वाचू का, असं विचारलं तर आजीच नको म्हणाली. एकदम नको. थोडी थोडी पुरवून घ्यायची.

आता तयारी चालली आहे. ती आणि तिची नात पनवेलहून रेल्वेने येणार, सकाळी कुडाळ स्टेशनवर उतरणार. मेळावा एकच दिवस, पण ती आमच्याकडे चार दिवस राहणार आहे. तिला समुद्र बघायचा आहे आणि मासे चालत नाहीत, हे तिने तीन वेळा सांगितलं, तेव्हा त्या चार दिवसांत आमच्या घरी वाटाण्याची उसळ, सोलकढी आणि घावणे. यजमानांचं चार दिवस मासळीवाचून कसं निभतंय ते बघायचं. त्यांनी रिक्षावाल्याला आत्तापासून सांगून ठेवलंय आणि मधल्या खोलीची खिडकी, जी सासूबाई गेल्यापासून बंद पडली होती, ती खोबरेल लावून उघडली आहे.

कंडक्टरसाहेब रोज फोन करतात. निवृत्त निवेदिकाबाई यायला तयार झाल्यात. कार्यक्रमात त्या सगळ्यांची नावं पूर्वीसारखी वाचणार, गाण्याआधी, गावांसकट. मी त्यांना आमच्या गावाच्या नावाचा खरा उच्चार मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलाय. माझ्यामागून जोडीदारणीचंच नाव घ्या, असंही कळवलंय. आणि तिच्या नावाआधी तिच्या यजमानांचं नाव घ्यायचं की नाही, हे मी तिला विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "पर सायकलवाले म्हना. नुसत्या नावानं त्यांना कुनी वळखत नव्हतं."

तिच्यासाठी मी एक शाल घेतली आहे विणायला, गर्द निळी. तिचं माप माझ्याकडे नाही, आणि शालीला माप लागत नाही. संधिवाताने तिची बोटं आखडलीत, ती स्वतः आता विणत नाही. शालीचे काठ काल पूर्ण झाले. रेडिओ बेचाळीस झालेत. आज सकाळी ऊन चांगलं होतं, तपकिरी लोकर कमी पडणार असं दिसलं, म्हणून अकराच्या गाडीने कुडाळला जाऊन दोन लड्या घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "यंदा थंडी लय पडतली काय?"

"माझ्याकडे पाव्हणे येतत," मी म्हटलं, आणि पिशवी काखोटीला मारून स्टँडवर आले.